सातवा थर

स्टेशनवर आता गाडी थांबत नाही. दिवसातून दोनदा धडधडत निघून जाते आणि प्रतीक्षालयाची तावदानं थरथरतात. गावाने ही इमारत वारसा म्हणून जतन करायचं ठरवलं, तेव्हा भिंतींचा मूळ रंग कोणता, असा प्रश्न निघाला. माझे वडील इथे अकरा वर्षं स्टेशनमास्तर होते आणि मी जन्मभर प्रयोगशाळेत रंग तपासले, म्हणून समितीने मला विचारलं. मी बैठकीत बेधडक सांगून टाकलं, "हिरवा. माझं सगळं लहानपण त्या हिरव्या भिंतींत गेलं."

प्रत्यक्ष पाहिल्याची आठवण हा पुरावा नव्हे, हे चाळीस वर्षं मी इतरांना बजावत आलो होतो. स्वतःच्या बाबतीत ते सुचलं नाही.

नमुना मात्र रीतसर घेतला: दाराच्या चौकटीआडचा, नखाएवढा. राळेत बसवला, घासला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. अकरा थर होते. सर्वांत खाली फिकट राखाडी. दर दोन थरांमध्ये एक काळी रेघ, म्हणजे इंजिनांची काजळी. रेघ जितकी जाड तितकी मधली वर्षं जास्त. हिरवा थर खालून सातवा होता आणि त्याच्यावर रेघच नव्हती. उलट वरचा पिवळा रंग हिरव्यात उतरला होता. खालचा हात पुरता वाळण्याआधी दुसरा दिला की असं होतं. हिरवा दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला असणं शक्य नव्हतं.

मी दुसरा नमुना घेतला, मग तिसरा. मग ताईला फोन केला. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी.

"दोन आठवडे कशाला, नऊ दिवस," ताई म्हणाली.

"मग मला आठवतं ते काय?"

"तुला काय, ओल्या भिंतीला पाठ लावून बसायचास. दोन शर्ट वाया घालवलेस. धुणारी मी होते."

"पण रंगवलं कशासाठी?"

आई घर सोडून गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. त्या विषयावर आम्ही दोघं बोलत नाही.

"आईचं पत्र आलं होतं, येते म्हणून. तिला तो रंग आवडायचा. बाबा रोज दुपारच्या गाडीला इस्त्रीचा कोट घालून उभे राहायचे. नऊ दिवस. दहाव्या दिवशी म्हणाले, तपासणीला साहेब यायचेत, भिंती नियमाच्या रंगात हव्यात. कुणी साहेब-बिहेब आला नाही."

समितीचे चिटणीस निवृत्त मुख्याध्यापक. थरांचा निष्कर्ष त्यांना सांगितला. भला माणूस. म्हणाले, "स्टेशनमास्तरांची आठवण म्हणून हिरवाच देऊ. तुम्ही अहवालात एक ओळ लिहा. सूक्ष्मदर्शक लावून कोण बघायला येणार आहे?"

"मी बघितलंय."

"तुम्ही म्हणजे ना," एवढंच म्हणून त्यांनी चहा संपवला.

अहवालात मी लिहिलं: मूळ रंग राखाडी. थर सात: हिरवा, वापर दोन आठवड्यांहून कमी, शिफारस नाही. नऊ दिवस लिहिले नाहीत. ती ताईची आठवण होती, पुरावा नव्हे.

भिंती खरवडायचं काम सुरू झालं त्या दिवशी मी गेलो. जाण्याचं तसं कारण नव्हतं. रंगारी पात्याने एकेक थर उतरवत होता. सातव्याशी तो थांबला.

"काका, हे बघा. या दोन हातांमध्ये धूळच नाही. इतक्या लवकर कुणी परत रंगवतं का?"

"रंगवतं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि पुन्हा खरवडायला लागला. दुपारची गाडी न थांबता गेली. काम आटोपल्यावर त्याने हिरव्या, पिवळ्या कपच्या एकत्रच झाडून घमेल्यात भरल्या आणि बाहेर नेल्या. मी संध्याकाळपर्यंत बाकावर बसून होतो. एवढा सगळा वेळ मी पाठ भिंतीला लावली नव्हती, हे घरी पोचल्यावर लक्षात आलं.