आधी बदाम

दादाने ते टेबल स्वतः पॉलिश केलं होतं. फर्निचरच्या कारखान्यात जन्म गेला त्याचा. हात असा की समोरच्याचे पत्ते टेबलात दिसायचे. म्हणून त्यावर हिरवं कापड आलं. दादा गेल्यापासून ते घडी करून ठेवलेलं होतं आणि वहिनी त्या खोलीत पाऊल टाकत नव्हत्या.

त्या दुपारी मी कापड अंथरलं. पडद्यातून येणारं ऊन त्यावर पसरलं आणि टेबल एखाद्या संथ तळ्यासारखं दिसू लागलं. दादाच्या खुर्चीत माझी अकरा वर्षांची नात बसली, पायांखाली पाट घेऊन. शेजारचे चष्मेवाले माझे भिडू. दादासमोरची, त्याच्या भिडूची म्हणजे वहिनींची, चौथी खुर्ची रिकामी.

वहिनी दारात आल्या. बराच वेळ चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या.

"एकच डाव हं, भाऊजी. मग मी उठणार."

"बसा तर खरं," चष्मेवाले म्हणाले. "तुमच्याशिवाय हरायला मजा येत नाही."

गेला आठवडाभर मी नातीला ब्रिजमधली एकच गोष्ट घोकवत होतो. हातात दोन रंग पाच-पाच पानांचे आले, तर बोली लावताना वरचा रंग आधी बोलायचा. इस्पिक बदामाच्या वर. आधी इस्पिक, मग बदाम सांगितलं, की भिडूला दुसऱ्या मजल्यावरच, म्हणजे दोनच्या बोलीतच, दोन्हींतला एक हुकूम निवडता येतो. उलट केलंस, तर बदाम हवा असलेल्या बिचाऱ्याला तिसऱ्या मजल्यावर चढावं, एक हात जास्त कबूल करावा लागतो. शिवाय त्याला वाटतं, तुझ्याकडे बदाम जास्त आहेत. "भिडूचे गुडघे सांभाळायचे," मी म्हणायचो. ती हसून मान डोलवायची.

पानं वाटली. त्यांच्या सरकण्याचा आवाज वाळक्या पानांवरून कुणी हलकेच चालत जावं तसा. नातीने पत्त्यांचा पंखा उघडला, तिचे डोळे चमकले.

"एक बदाम."

चष्मेवाले पास. वहिनींनी चष्मा पुसला. "एक नोट्रम्प." बिनहुकमी बोली. मी पास.

"दोन इस्पिक," नात म्हणाली, आणि लगेच माझ्याकडे बघून तिने जीभ चावली.

चष्मेवाले पुन्हा पास. मी छताकडे पाहिलं. डाव चालू असताना बोलायचं नसतं, हे मीच शिकवलेलं. पुस्तकाप्रमाणे आता वहिनींनी बदामाकडे परतायला हवं, आणि मग चुकीच्या हुकमावर डाव आपटणार, वहिनी उठणार, कापडाची पुन्हा घडी होणार.

वहिनी समोरच्या, दादाच्या खुर्चीकडे बघत राहिल्या. नातीकडे नव्हे, खुर्चीकडे. ऊन कापडावरून बोटभर सरकलं असेल.

"चार इस्पिक," त्या शांतपणे म्हणाल्या.

बाकी सगळे पास. खेळणार नात, म्हणून नियमाप्रमाणे तिच्या भिडूने, वहिनींनी, आपली पानं उघडी मांडली: इस्पिकची तीन, बदामाची दोनच. नातीकडे दोन्ही रंग पाच-पाच. इस्पिक मिळून आठ, बदाम सातच; हुकूम इस्पिक, तोच बरोबर. नात हळूहळू, ओठ हलवत मोजत खेळली आणि चारच्या बोलीला हवे होते तेवढे, सहावर चार असे दहाही हात तिने उचलले.

"वहिनी, हे कुठल्या पुस्तकातलं?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"पुस्तकातलं कसलं! त्या खुर्चीतून नेहमी बदामच आधी यायचे. चित्रं दिसली की ह्यांना दम निघायचा नाही. भाऊजींनी उभा जन्म शिकवलं. शिकले का?"

"नाही," मी म्हणालो.

"मोठी आजी, माझं चुकलं ना?" नातीने हळूच विचारलं. "इस्पिक सगळे बारके होते. बदामात राजा-राणी होते, म्हणून..."

"चुकलंच की. भाऊजी सांगतात तेच खरं." वहिनींनी पानं गोळा केली, कापडावर ठोकून सारखी केली. "पण मला कळलं."

मला समजावून सांगायचं होतं. जीभ शिवशिवत होती. मी ती गप्प ठेवली.

वहिनी उठल्या नाहीत. त्या पत्ते पिसत होत्या.

"पत्ते काटा," त्यांनी गड्डी माझ्यापुढे ठेवली. "वाटणार मी आहे."