सायकलवरून नेलेला आवाज

रूल्फ आयुष्यभर विन्सुम गावच्या कालव्यावर बोटींसाठी पूल उघडायचा. बोट आली की केबिनच्या खिडकीतून ओरडायचा, आणि वारा उलटा असला तरी ते ओरडणं नावाड्यापर्यंत पोचायचं. सत्तरी गाठायच्या आधी त्याला तो आजार झाला, ज्यात एकेक स्नायू काम सोडत जातो. हात आधी गेले. डॉक्टरांनी सांगितलं, आता वाचा जाईल.

म्हणून यांतिना त्याच्याकडे येऊ लागली. ती ग्रोनिंगन शहरातल्या क्लिनिकमध्ये वाचा-उपचार करायची. आवाज शाबूत आहे तोवर ठरावीक वाक्यं बोलून घ्यायची, त्यावरून यंत्र त्याच्यासारखा आवाज तयार करतं, आणि पुढे रूल्फने पडद्यावर नजरेने शब्द निवडले की तो आवाज बोलतो. रुग्णाचं बोलणं इंटरनेटवरून पाठवायचं नाही, असा क्लिनिकचा नियम होता. त्यामुळे यांतिना लॅपटॉप घेऊन सायकलने विन्सुमला यायची आणि ध्वनिमुद्रण घेऊन सायकलनेच परत जायची.

लॅपटॉप ती पाठीवर घ्यायची. क्लिनिकचे संगणक सांभाळणाऱ्या वाउटरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "कॅरिअरवर नको. विटांच्या रस्त्यावर चाकाचे सगळे धक्के थेट लॅपटॉपला बसतात. पाठीवर असला की ते तू खातेस." कॅरिअरला अडकवायच्या पिशवीतून ती बटाटे नि दूध आणायची, एवढंच.

वाक्यांवर रूल्फचा राग होता.

"'काकूंनी निळ्या बशीत नासपती ठेवली,'" त्याने एकदा वाचलं आणि थांबला. "यांतिना, मी जन्मात असं बोललोय का?"

"त्यात हवे ते सगळे आवाज येतात, रूल्फ."

"येऊ देत. पण मेल्यासारखा झाल्यावर मी घरात नासपतीबद्दल बोलणार आहे का?"

"तेव्हा तुम्हाला हवं ते बोलता येईल. आत्ता काकूंचं बोला."

स्वयंपाकघरातून त्याची बायको गेसिना म्हणाली, "बोल रे मुकाट्याने. तुझ्या काकूने कधी कुणाला नासपती दिली नाही, निदान कागदावर तरी देऊ दे."

ऑक्टोबरात एका आठवड्यात रूल्फचा गळा अचानक मोकळा झाला. लागोपाठच्या भेटींत त्याने जवळजवळ सगळी यादी संपवली. नेमकी त्याच आठवड्यात क्लिनिकची यंत्रणा बदलत होती, त्यामुळे नक्कल काढायची राहिली. ते सगळं बोलणं लॅपटॉपवरच होतं.

यांतिनाचा उजवा खांदा महिनाभर आखडलेला होता. त्या आठवड्यातल्या शेवटच्या दुपारी निघताना पट्टा खांद्यावर घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने लॅपटॉप गेसिनाकडून मागितलेल्या टॉवेलात गुंडाळला आणि कॅरिअरच्या पिशवीत ठेवला. एकदाच, आणि सावकाश जायचं, असं तिने ठरवलं.

कालव्याकाठी वारा समोरून होता. मागून कुणीतरी घंटी वाजवली, ती बाजूला झाली, चाक विटांच्या कडेवरून घसरलं. पिशवीचा आकडा निसटला, पट्टा चाकात गेला आणि सायकल आडवी झाली. ती पडली ती पिशवीवरच. खालून काहीतरी मोडल्याचा आवाज तिने ऐकला. घंटी वाजवणारा माणूस परत आला, सायकल उभी केली, लागलं का म्हणून विचारलं. ती म्हणाली, "मला नाही."

वाउटरने लॅपटॉप उघडला, बराच वेळ पाहिला, बाहेर दुरुस्तीला पाठवून पाहिला. ज्या भागात सगळं साठवलेलं असतं तोच तडकला होता. काही निघालं नाही.

फोनवर सांगणं तिला जमेना. ती बसने विन्सुमला गेली.

गेसिनाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पाठीवर घ्यायला काय झालं होतं तुला?"

"खांदा दुखत होता."

"खांदा," गेसिना म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

रूल्फची जीभ तोवर जड झाली होती. शब्द लावायला त्याला वेळ लागला. "बसू दे तिला." मग म्हणाला, "नासपती... फुटली का?"

"फुटली, रूल्फ."

"बरं झालं."

यांतिना हसली नाही. तिला रडूही आलं नाही. फार थकली होती ती. यादी पुन्हा करण्याइतका आवाज आता उरला नव्हता, हे तिघांनाही कळत होतं. यंत्राला लागतात तितकी वाक्यं आता होणार नव्हती. ती म्हणाली, "थोडीशी, तुम्हाला हवी तीच वाक्यं आपण तशीच ठेवू. पडद्यावरच्या बटणावर नजर रोखली की तुमचं तेच बोलणं वाजेल."

त्याने निवडली: कॉफी दे. दिवा घालव. हा डॉक्टर मूर्ख आहे. एकेका वाक्यानंतर तो डोळे मिटून पडायचा. शेवटी त्याने गेसिनाला विचारलं, "तुला काय हवंय?"

ती हात पुसत आली. "ओरड."

"काय?"

"बोटीवर ओरडायचास तसं. सकाळी अंथरुणात पडून ऐकायचे मी."

रूल्फने श्वास घेतला आणि ओरडला. आवाज मध्येच फाटला, शेवट घशातच राहिला. यांतिनाने पुन्हा करू का विचारलं. गेसिना म्हणाली, "नको. असू दे."

नाताळाच्या सुमारास त्याचा आवाज पूर्ण गेला. बाकीच्या बोलण्यासाठी यंत्रातला तयार आवाज होता, दक्षिणेकडच्या कुणा माणसाचा. गेसिनाला तो सहन होईना. "परका माणूस जेवायला बसल्यासारखा वाटतो," ती म्हणायची. तरी हळूहळू ती त्यालाही उत्तरं देऊ लागली. ओरडण्याच्या बटणावर मात्र रूल्फ तिच्यासमोर नजर रोखायचा नाही. ती मागच्या अंगणात गेली की रोखायचा.

फेब्रुवारीतल्या एका भेटीनंतर गेसिना यांतिनाला फाटकापर्यंत सोडायला आली. पडण्याचा विषय त्या दिवसानंतर तिने काढला नव्हता, माफ केलं असंही कधी म्हटलं नव्हतं. यांतिना हातमोजे चढवत होती, तोवर गेसिनाने सायकल धरून ठेवली.

"पुढच्या वेळी जरा उशिरा ये," गेसिना म्हणाली. "सकाळी तो दमलेला असतो."

"बरं."

"मीही," ती म्हणाली, आणि आत गेली.