लवू-नर्मदेची वाटणी

"फंड सगळो तिका आणि कर्ज माका," लवूनं एकदाचं सांगून टाकलं आणि तो खाली मान घालून सुपारी कातरू लागला.

"माका नको तुमचो सगळो फंड," नर्मदा खांबाआडून म्हणाली. "गोदीत कंबर मोडून जमवलेलो तो. अर्धो द्या, पुरे. कर्ज मात्र माझा. घरार कौलां मी घातलंय, तर मीच फेडतलंय."

भिकाजीतात्यांनी कपाळावर हात मारला. ते देवळाचे मानकरी. गावातल्या सोडचिठ्ठ्या त्यांच्याच घरापुढच्या खळ्यात चार पंचांसमोर व्हायच्या. पैशासाठी एकमेकांच्या झिंज्या उपटणारी जोडपी त्यांनी ढिगानं पाहिली होती. कर्जासाठी भांडणारी ही पहिलीच!

"अरे, मगे सोडतास कित्याक एकमेकांक?"

दोघं सांगणार तरी काय, कपाळ? तीस वर्षं लवू मुंबईत, नर्मदा तारकर्लीत. मे महिन्यात पंधरा दिवस तो यायचा, तेवढ्यात त्यांचा संसार. अठ्ठावन्न सालच्या शिमग्याला तो निवृत्त होऊन कायमचा आला आणि गोदीच्या सवयीनं रोज पहाटे उठून चहासाठी भांडी आपटू लागला. "माझ्या घरात माझी झोप मोडू नकात," ती एकदा करवादली. "म्हणजे मी पाव्हणोच," म्हणून यानं सोडचिठ्ठी मागितली. तीही काय कमी? "घेवा," म्हणाली. आता सोमवारच्या बोटीनं तो परत जायचा होता. तो सोमवार दोघांनाही नको होता, पण आधी माघार घ्यायची कुणी?

शेवटी तात्यांनी निकाल दिला. फंडातून आधी कर्ज फेडायचं, उरेल ते निम्मं निम्मं. दोघांनी मुकाट्यानं माना हलवल्या.

देवाच्या कानावर घालून नारळ फोडल्याशिवाय गावात काही पक्कं होत नसे. तात्यांनी पानाविड्यावर नारळ ठेवला, डोळे मिटले आणि देवाकडे मागणं मागायचं गाऱ्हाणं सुरू केलं. लग्नात, पूजेत, नव्या होडीपुढे गाऱ्हाणं घालून घालून त्यांची जीभ घडलेली. ती आपल्या नेहमीच्या वाटेनं निघाली.

"बा देवा म्हाराजा! लवू आणि नर्मदा आज तुझ्या पायाकडे इली हत..."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"त्यांका एकमेकांचो आधार दी..."

पंच चपापले. एकमेकांकडे बघत सवयीनं पुटपुटले.

"व्हय म्हाराजा!"

"त्यांचो संसार शेवटपर्यंत सुखाचो कर..."

"व्हय म्हाराजा!"

या खेपेला दोनच आवाज होते, आणि दोन्ही खणखणीत. तात्यांनी डोळे उघडले आणि जीभ चावली.

"अरे बापरे, चुकला माझा! थांबा, परत घालूया गाऱ्हाणा."

लवूनं नर्मदेकडे पाहिलं. ती पदराशी चाळा करत होती.

"देवाक दोनदोनदा त्रास कित्याक, तात्यानू?" ती म्हणाली.

लवूनं नारळ उचलला आणि कुणी काही बोलायच्या आत पायरीवर फोडला.