उन्हाळ्यातला हीटर

काकूंनी त्या लाल गाडीचं नाव सवत ठेवलं होतं आणि आज त्या सवतीला एकदाची वाटेला लावायची होती. यजमान जाऊन आठ महिने झाले. गाडी भाच्याला द्यायची ठरली. सकाळी तो चालवायला घेऊन गेला, तर मोकळ्या रस्त्यावर ती वाऱ्यासारखी पळाली आणि वाटेतल्या दोन्ही चौकांत थांबताच तापून लाल झाली. मग त्याने ती थंडोबाच्या गॅरेजात आणून सोडली, काकूंना तिथे बसवलं आणि संध्याकाळी येतो म्हणून निघून गेला.

थंडोबा हा रेडिएटरचा मिस्त्री. इंजिनं थंड ठेवायचा त्याचा धंदा, आणि स्वभावही असा की शेजारी आग लागली तरी हा आधी चष्मा पुसेल. गॅरेजात पाण्याचा मोठा हौद होता. त्यावरून उसळलेलं दुपारचं ऊन छतावर हळूहळू हलत होतं. काकू खुर्चीत बसून ते बघत होत्या. आपण तळ्याच्या तळाशी बसलोय आणि वरून दिवस वाहत चाललाय असं त्यांना वाटत होतं. कुठेतरी थेंब पडत होता. गाडी बारक्या डब्यासारखी, इंजिन मागे, रेडिएटर पुढे, आणि माणसांना मध्ये जेमतेम दोन जागा. त्या दोनांतली एक काकूंची होती, बारा वर्षांपूर्वीपर्यंत.

थंडोबाने हातपंपाने नळ्यांत हवा भरली. अर्धा तास दाबाचा काटा जागचा हलला नाही.

"गळती नाही," तो म्हणाला.

इंजिन तापलं की पाण्याला वाट उघडून देणारा थर्मोस्टॅट काढून उकळत्या पाण्यात सोडला, तोही शहाण्यासारखा वेळेवर उघडला. इंजिन तापवलं तसा पुढचा पंखा घूं करत सुरू झाला. थंडोबाचा चेहरा पडला. सगळंच धड निघालं की मिस्त्रीने जायचं कुठे?

"काकू, जरा आत बसून हीटर पूर्ण लावता? गरम पाणी तिथवर पोचतंय का बघतो."

"त्या हीटरचं नाव काढू नका!" काकू एवढ्या जोरात म्हणाल्या की त्यांची त्यांनाच लाज वाटली. मग काय, सगळं बाहेर आलं. "भर उन्हाळ्यात हे हीटर लावायचे. मी शेजारी घामाने निथळतेय, आणि हे म्हणायचे, मला बरं वाटतं. दोनदा सोसलं. तिसऱ्यांदा चौकात गाडी थांबली तशी मी दार उघडून उतरले आणि घरापर्यंत चालत आले. पुन्हा म्हणून बसले नाही."

पुढचं त्या बोलल्या नाहीत, पण आठ महिने तेच त्यांना आतून खात होतं. यांना मी नकोशी झाले होते का? सरळ उतर म्हणता येईना, म्हणून भाजून काढलं का? विचारायचं कुणाला आता!

थंडोबाने दारातून वाकून आत पाहिलं. "बाकीची बटणं नव्यासारखी आहेत. हीटरच्या बटणावरची लाल खूण मात्र पार झिजलीय."

"हौसच होती त्यांना."

"हौस नव्हे काकू. इंजिन तापायला लागलं की हीटर लावतात. तिकडची उष्णता गाडीत ओढून घ्यायची. माणूस शिजतो, इंजिन वाचतं. तुमच्या यजमानांना माहीत होतं, गाडी तापतेय."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

मिस्त्रीने वर्तमानपत्राचं एक पान उचललं आणि काहीतरी सुचल्यासारखं गाडीच्या पुढच्या जाळीसमोर धरलं. पान जाळीला चिकटायला हवं होतं. ते फडफडत उडालं, छतावरच्या त्या उजेडात एकदा गरगरलं आणि अलगद काकूंच्या मांडीवर येऊन पडलं.

"उलटा फिरतोय!" थंडोबा चक्क ओरडला. "पंख्याने हवा आत ओढायची, हा बाहेर फुंकतोय. पळताना वारा त्याला पुरून उरतो, थांबली की बोंबललं. दोन वायरींची अदलाबदल झालीय. कुणी बसवला हा पंखा?"

काकू पानाची घडी घालत राहिल्या. त्यांना तो रविवार दिसत होता. हे दिवसभर गाडीखाली. संध्याकाळी नाकाला काळं फासून बाहेर आले आणि म्हणाले, झाला! मिस्त्रीबिस्त्री काही लागत नाही. आणि आपण पोट धरून हसलो होतो. कारण त्याआधी यांनी स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त केला होता आणि घरात पातेली तरंगली होती. ती गोष्ट काकू प्रत्येक पाहुण्याला हातवारे करून सांगायच्या. सगळे हसायचे, हेही हसायचे. कान मात्र लाल व्हायचे.

"यांनीच," काकू म्हणाल्या. "मला कळलं असतं तर मी त्याचीही गोष्ट केली असती हो. हे माझ्या रागाला नाही घाबरले. हसण्याला घाबरले." त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं.

वायरी बदलायला पाच मिनिटं लागली. पान पुन्हा धरलं, ते जाळीला गच्च चिकटलं. मग थंडोबा चालवायला बसला, आणि बारा वर्षांनी काकू त्या दुसऱ्या जागेवर बसल्या. रस्ता, दुकानं, झाडं उन्हात विरघळल्यासारखी मागे सरत होती. मोठ्या चौकात गर्दी होती. गाडी थांबली. तापमानाचा काटा मध्यावर गेला आणि तिथेच राहिला.

"बघा, आता कशाची गरज नाही," थंडोबा म्हणाला.

काकूंनी हात पुढे केला आणि झिजलेलं बटण शेवटपर्यंत फिरवलं. गरम झोत तोंडावर आला. थंडोबाला काही कळेना, तो घाईघाईने काच खाली करायला लागला.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "मी इथेच उतरले होते."

सिग्नल सुटला. काकू घामाने निथळत बसून राहिल्या.