नांगराची बाजू

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेहून पश्चिमेला निघालं की अर्ध्या तासात घरं संपतात आणि मक्याची शेतं लागतात. त्यातल्या एका शेतावरून शशिकांतराव नोकरीत असताना रोज जात-येत. तिथली माती अमेरिका स्वतंत्र होण्याआधीपासून नांगराखाली आहे, असं त्यांनी वाचलं होतं. निवृत्त झाल्यावर मुलाने, निहारने, मेटल डिटेक्टर घेऊन दिला. तरी मालकाकडे परवानगी मागायचा धीर व्हायला त्यांना आणखी बराच काळ लागला.

मालक क्लिफर्ड ऐंशीच्या घरातले. त्यांनी एकच अट घातली. जमिनीतून जे निघेल ते आधी मला दाखवायचं, मग खुशाल ठेवून घ्या.

आजवर दाखवायला होतं तरी काय? खिळे, ट्रॅक्टरचे नट, चेपलेले कॅन. क्लिफर्ड ते गंभीरपणे पाहायचे, आणि घरी कांचनताई विचारायच्या, "आज कुठल्या राजाचं झाकण सापडलं?"

२००४ च्या नोव्हेंबरात, मका कापून झाल्यावर, पाऊस पडून गेलेल्या एका संध्याकाळी धसकटांमधून डिटेक्टर फिरवताना हेडफोनमध्ये गोल, स्वच्छ आवाज आला. कुठूनही फिरवलं तरी तोच. शशिकांतरावांनी गुडघे टेकून खुरप्याने ढेकूळ उचललं. ते मधोमध फुटलं. एका अर्ध्यात तांब्याचं नाणं होतं आणि दुसऱ्यात त्याचा ठसा. मातीत घोड्याचं डोकं उमटलं होतं, त्याखाली नांगर.

घोडा आणि नांगर ही न्यू जर्सीच्या जुन्या नाण्यांची खूण. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर या राज्याने स्वतःची नाणी पाडली ती थोडीच वर्षं. पुण्यात तेव्हा सवाई माधवरावांची पेशवाई होती. कुणाच्या तरी हातून हे इथे पडलं, आणि त्या हातानंतर याला लागलेला पहिला हात आपला! शशिकांतरावांना ते पेलेना. जन्मभर जे फक्त वाचलं, ते ओलं होऊन तळहातावर आलं होतं. आपल्यासारख्याला कसं सापडलं, असंही वाटून गेलं.

क्लिफर्डच्या घरात दिवा होता. पण जेवायची वेळ. दार वाजवावं की नाही या विचारात ते अंगणात उभे राहिले आणि शेवटी गाडीत जाऊन बसले. उद्या दाखवू.

घरी त्यांनी नाणं मातीसकट देवापुढच्या ताम्हनात ठेवलं. घरात नवं काही आलं की आधी देवापुढे, ही त्यांच्या आईची पद्धत. असं नाणं चोळायचं नाही, पुसायचंसुद्धा नाही, हे त्यांना पाठ होतं. कांचनताईंना सांगायचं मात्र राहिलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, देवाची भांडी घासायचा. ते उठून आले तेव्हा कांचनताई सिंकपाशी उभ्या होत्या, हाताला चिंच.

"अहो, हे काय होतं?"

त्यांच्या तळहातावर गुलाबी, लखलखीत चकती होती. नाण्याच्या या बाजूवर ढाल असायची. ती हिरव्या थराबरोबर वाहून गेली होती.

"दुसरी बाजू?" शशिकांतरावांनी विचारलं.

"उलटं केलं तर नांगर दिसला. मग हातच चालेना माझा."

दोघं क्लिफर्डकडे निघाले. नाणं डबीत, नांगर वर. ते तसंच दाखवलं तर क्लिफर्ड कशाला उलटून बघतील, हा विचार वाटभर शशिकांतरावांच्या मनात होता. खरं सांगितलं तर ते शेत कायमचं बंद होणार. आणि पुस्तकाबाहेर त्यांची म्हणावी अशी जागा तेवढीच होती.

क्लिफर्डनी नाणं खिडकीपाशी नेलं. कितीतरी वेळ पाहत राहिले. आजोबांचा नांगर अगदी असाच होता, म्हणाले. कोठारात आहे अजून.

एवढ्यावर निघता आलं असतं.

"उलटून बघा," शशिकांतराव म्हणाले. मग काल संध्याकाळपासूनचं सगळं सांगितलं. न वाजवलेलं दार, देव, चिंच. जुळवून ठेवलेली इंग्रजी वाक्यं एकही वेळेवर आठवली नाहीत.

क्लिफर्डनी नाणं उलटलं. उन्हात धरलेल्या नाण्याचा तांबूस कवडसा त्यांच्या हनुवटीवर हलत होता. मग त्यांनी कोट चढवला आणि जागा दाखवायला सांगितली.

शेतात शशिकांतरावांनी बुजवलेला खड्डा दाखवला. क्लिफर्ड कष्टाने वाकले आणि नाणं तिथे ठेवलं, चकचकीत बाजू वर. काळ्या, ओल्या मातीत ते निखाऱ्यासारखं दिसू लागलं.

"नवं होतं तेव्हा असंच असणार," ते म्हणाले. "ज्याचं पडलं त्या माणसाने शोधलं ते हे. तुमच्या बाईसाहेबांमुळे मला दिसलं."

कांचनताईंनी पदर सावरला. "एवढं चमकतंय, तरी कसं नाही सापडलं हो त्याला?" त्यांनी मराठीतच विचारलं, आणि शशिकांतरावांनी त्याचं इंग्रजी केलं.

"अंधार पडला असेल," क्लिफर्ड म्हणाले. मग शशिकांतरावांकडे वळून म्हणाले, "पुढच्या वेळी दार वाजवा. जेवत असलो तरी."

नाणं उचलायला कुणीच वाकलं नाही. माना खाली घालून तिघं तिथेच उभे राहिले, तो माणूस शोधत परत यायचा आहे आणि तोवर त्याचं नाणं राखायचं आहे, असे.