बाहेर थंडी आहे, म्हणजे काय?

मी एक जुना डीव्हीडी प्लेअर आहे. अंगावर चरे आहेत, सीडी आत घेताना मी कण्हतो. पण मित्रांनो, माझी कीव करू नका. मी अजून चालतो!

पहिल्या घरात माझं फार कौतुक झालं. मग मोबाइल आले आणि मी माळ्यावर गेलो. तिथून जुन्या बाजारात. मावशींनी मला तिथून उचललं. त्या एका हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्री करायच्या. मॅनेजर फक्त इंग्रजीत बोलायचे, म्हणून पन्नाशीत मावशींनी सिनेमे बघून इंग्रजी शिकायला घेतलं.

"आता या वयात?" त्यांच्याकडे राहणारी भाची हसली.

"मग काय, पुढच्या वयात शिकू?"

एका सिनेमात भांडलेला नवरा बॅग घेऊन दाराशी जातो. बायको पाठमोरीच म्हणते, "इट्स कोल्ड आउटसाइड." तो बॅग खाली ठेवतो. मावशींनी शब्दकोश उघडला. बाहेर थंडी आहे, एवढंच. मग बॅग का ठेवली? त्यांनी मला पुन्हा पुन्हा मागे नेलं. अकरा वेळा.

"मावशी, पुढे जा ना!"

"थांब गं. हिचा आवाज ऐक." आणि बाराव्या वेळी त्या ताडकन उठल्या. "अगं, ती थंडीचं बोलतच नाहीये! जाऊ नकोस म्हणतेय!"

काही महिन्यांनी लाँड्रीत प्रमुखाची जागा रिकामी झाली. मावशींनी ती मागितली. पुढचं त्यांनी संध्याकाळी भाचीला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. मॅनेजर गोड हसून म्हणाले होते, "इतक्या वर्षांनी तुम्ही दमला असाल." बाकीच्या बायकांना त्या हसण्यावरून वाटलं, किती ही काळजी! मावशींना बोलण्याचा रोख कळला. त्यांनी इंग्रजीतच विचारलं, "मी दमलेली नाही. मला घरी बसा म्हणताय का? तर सरळ म्हणा."

मॅनेजरांची बोबडीच वळली. "नाही, तसं नाही..."

जागा दुसरीलाच मिळाली.

"मग उपयोग काय झाला?" भाचीने विचारलं.

"मला गोड बोलून घालवता आलं नाही, हा झाला. जागा पुढच्या वेळी पुन्हा मागणार."

मित्रांनो, कण्हणाऱ्या यंत्राची धूळ पुसा, त्याला लगेच भंगारात काढू नका. आणि ज्याला उशिरा कळतं त्याला हसू नका. तेच वाक्य त्याच्यासाठी पुन्हा म्हणा.

आज मावशींनी नवा सिनेमा आणलाय. भाची न बोलावता शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "सुरुवातीपासून लाव."