एका काट्याचे घड्याळ

मित्रांनो, मी एक जुने घड्याळ आहे. आधीच खरे सांगून टाकते: माझे वय अवघे अकरा वर्षे आहे. चारशे वर्षांचे दिसावे म्हणून मला मुद्दाम धूर देऊन काळे केले.

माझा जन्म एका चित्रपटासाठी झाला. दूर देशाहून आलेला पाद्री पूर्वेकडच्या एका सरदाराला घड्याळ भेट देतो आणि त्याच्या मुलखात धर्मोपदेश करण्याची परवानगी मागतो, असा प्रसंग होता. ते घड्याळ मी. इतिहासाची बाजू एका निवृत्त शिक्षिकेकडे होती. सगळे त्यांना बाई म्हणत. जुनी पत्रे वाचता वाचता त्यांना एका घड्याळाचे चित्र सापडले. ते त्यांनी सुतारकाम करणाऱ्या मिस्त्रींना दिले. मिस्त्रींनी लाकडी पेटी घडवली, पितळी तबकडी ठोकली आणि मोडीत निघालेल्या एका घड्याळाचे यंत्र आत बसवले.

दरबाराचे चित्रीकरण दोन दिवस चालले. माझे इतके कौतुक झाले की मी फुगून गेले. तिसऱ्या दिवशी बाई तापातून उठून आल्या आणि माझ्यासमोर थबकल्या. त्या काळी बहुतेक घड्याळांना फक्त तासकाटा असे. मला मिनिटकाटाही होता.

दिग्दर्शक वैतागले. चित्र बाईंनीच दिले, तेव्हा चूक बाईंची, असे त्यांनी सर्वांदेखत सुनावले. शिवाय पाद्र्याचे पाणावलेले डोळे सोडून काटे कोण मोजणार, असेही विचारले.

"मोजणारा एखादाच असेल," बाई म्हणाल्या. "पण तो एकदा हसला, की पाद्र्याचं रडणंही त्याला खोटं वाटेल."

चित्राची प्रत मात्र त्यांच्याकडे नव्हती. त्यांचा चेहरा उतरला.

मिस्त्री गप्प राहिले असते तर निभावून गेले असते. हा त्यांचा पहिलाच चित्रपट, आणि पुढच्या कामाचा शब्द कालच मिळालेला. त्यांनी खिशातून घडी घातलेले चित्र काढले.

"यात एकच काटा आहे, साहेब. मला वाटलं, दुसरा पुसला गेला असेल. बिचारं अर्धवट दिसत होतं, म्हणून मीच लावला."

दिग्दर्शकांनी चित्र माझ्या तबकडीशेजारी धरून पाहिले. "मग आता तुम्हीच काढा," ते म्हणाले. बाईंची माफी मागायला मात्र त्यांना जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ लागला. दरबार पुन्हा चित्रित झाला. मिस्त्रींचे पुढचे कामही टिकले.

आता मी बाईंच्या जुन्या शाळेत, इतिहासाच्या वर्गात आहे. मुले एका काट्यावरून वेळ ओळखतात. पाच-दहा मिनिटे इकडेतिकडे होतात, कुणाचे काही बिघडत नाही. सुट्टीत धूळ साचते, पण माझी तक्रार नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, त्यांना तेल द्या. पण एखादी अपुरी वाटली, तर ती पुरी करण्याआधी थांबा आणि कुणाला तरी विचारा. ती मुळात तशीच असेल.